चाकांवरचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी आपण बाहेरच्या कोणी विदुषी बाईंना बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले की घरच्याच कोणीतरी बोलावे, आणि मी परदेशी जाऊन आले एवढ्याच कारणाने ती माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळा सातवीला संपत असे आणि पुढे तालुक्याला मुलींना कोणी पाठवीत नसे. तेव्हा हे भाषण आहे असे न समजता, हळदीकुंकवाला बसलो असता चार गोष्टी सांगाव्यात तसे आपण ऐकून घ्यावे. शेवटी मात्र मी आपल्यापाशी एक मागणे मागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझी धाकटी बहीण व मेहुणे स्वीडन देशात गोथेनबर्ग नावाच्या शहरी राहतात. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी मला बोलावून घेतले. घर माझ्या जाऊबाईंनी सांभाळले, म्हणून मी जाऊ शकले. त्यांचे आभार येथेच मानते. विमान डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी उतरले. तेथून आगगाडी आधी समुद्राखालच्या चार किलोमीटर बोगद्यातून जाते, मग माणसांनी बांधलेल्या एका बेटावर वर येते आणि तेथून पुढे जवळजवळ आठ किलोमीटर लांबीच्या पुलावरून स्वीडनमध्ये शिरते. हा पूल २००० साली खुला झाला. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या तीन देशांना मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. डेन्मार्क मी एवढाच पाहिला. बाकीचे दोन देश जून महिन्यात तीन आठवडे फिरून पाहिले, आणि ते हॉटेलात न उतरता, चाकांवरच्या घरात राहून.

या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात. स्वतःचे इंजिन नसलेली ही एक खोली असते आणि ती मोटारीच्या मागे जोडून ओढीत न्यावयाची. आत चार माणसांची निजावयाची सोय, दोन शेगड्यांचा ओटा, लहानसे शीतकपाट, कपाटे आणि कोपऱ्यात एक संडास. आपल्या स्वयंपाकघरापेक्षा फार मोठी नाही. अशी घरे तिकडे पुष्कळ लोकांपाशी असतात. बहुतेक जण तळावर जातात, भाडे भरतात आणि तळावरच्या विजेची तार घराला जोडून घेतात. मेहुण्यांनी मात्र आपले घर असे सज्ज केले होते की तार नाही, नळ नाही, तरी तीन-चार दिवस कोठेही राहता यावे. छपरावर सूर्याच्या उजेडावर वीज करणारी दोन पॅनेले, बाकाखाली बॅटरी, शंभर लिटर पाण्याची टाकी, पुढच्या पेटीत अकरा किलोचे गॅसचे सिलिंडर.

निघण्यापूर्वी मेहुण्यांनी तराजू काढला. ओढावयाच्या घराचे वजन कायद्याने ठरलेले असते, आणि जड वस्तू खाली, चाकांच्या वर येतील अशा ठेवल्या नाहीत तर वाटेत घर शेपटीसारखे हलू लागते. मी येथून भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, पोहे आणि गोडा मसाला नेला होता. तूप वा दुधाचे पदार्थ बाहेरून तिकडे नेता येत नाहीत. तूप मी तेथल्याच लोण्याचे कढविले. पितळी खलबत्ता आणि दोन गोधड्या मी पुढे केल्या तेव्हा मेहुणे तराजूकडे पाहून म्हणाले, “ताई, एवढे जड कशाला?” मी म्हटले, “मिक्सरला वीज लागते, खलबत्त्याला लागत नाही.” त्यावर त्यांनी मुकाट्याने तो आत ठेवला.

आता आमची वाट सांगते. गोथेनबर्गहून उत्तरेला निघालो आणि स्वीनेसुंदच्या पुलावरून नॉर्वेत शिरलो. १९०५ सालापर्यंत हे दोन्ही देश एका राजाखाली होते. आज नॉर्वे युरोपीय संघात नाही, परंतु शेंगेन करारात आहे, म्हणून एकाच व्हिसावर मला दोन्हीकडे फिरता आले. घर ओढणाऱ्या गाडीला ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर जाता येत नाही. त्यामुळे सारा मुलूख डोळे भरून पाहता आला. ओस्लोच्या पुढे डोंगर लागतात. जून असूनही माथ्यावर बर्फ होते. ट्रॉन्डहाइम शहरी निदारोस नावाचे जुने मोठे देऊळ आहे, संत ओलाफ यांच्या समाधीवर बांधलेले. ओस्लोहून तेथवर सुमारे ६४० किलोमीटरची पायवाट आहे आणि पाठीवर बोचके घेऊन माणसे ती चालत येतात. मला आपल्या वारकऱ्यांची आठवण झाली. पाठीवर घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन त्यांना ठाऊक असते.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला विचारले की, दुसऱ्याच्या देशात असे वाटेल तेथे राहू कसे देतात? त्याचे उत्तर असे. त्या देशांत जुनी रीत आहे की रान, डोंगर व तळी यांवर पायी फिरावयाचा हक्क सर्वांचा. जमीन कोणाची का असेना, घराच्या अंगणात वा उभ्या पिकात शिरू नये, बाकी हिंडावे, रानातली बोरांसारखी फळे वेचावीत, एखादी रात्र तंबू ठोकून राहावे. स्वीडनने १९९४ साली हा हक्क आपल्या राज्यघटनेत लिहिला. नॉर्वेने त्याचा कायदा १९५७ सालीच केला. त्यात लिहिले आहे की तंबू राहत्या घरापासून १५० मीटर दूर असावा आणि वस्तीजवळ एका जागी दोन दिवसांहून अधिक राहावयाचे तर मालकाची परवानगी घ्यावी. हा हक्क पायांना आहे, चाकांना नाही. गाडी रस्ता सोडून रानात घालता येत नाही. आमच्यासारख्यांनी रस्त्याकडेच्या विसाव्याच्या जागी, बंदीची पाटी नसेल तेथे राहावयाचे, किंवा कोणा शेतकऱ्याला विचारून त्याच्या जागेत. नॉर्वेत १५ एप्रिलपासून १५ सप्टेंबरपर्यंत रानात वा रानाजवळ उघड्यावर जाळ करावयास बंदी असते. कोणाला त्रास देऊ नये आणि काही बिघडवू नये, एवढ्यात त्या साऱ्या हक्काचे सार आले. पहारा करावयास कोणी उभा नसतो.

आता बिऱ्हाडाकडे वळते. आपल्या घरात नळ फिरविला की पाणी येते, बटण दाबले की दिवा लागतो, साखळी ओढली की घाण दिसेनाशी होते. पाणी कोठून आले, वीज किती गेली आणि घाण कोठे पोहोचली हे घरात कोणी विचारीत नाही. चाकांवरच्या घरात या तिन्ही गोष्टी मोजून मिळतात आणि डोळ्यांपुढे राहतात.

पहिले पाणी. शंभर लिटर म्हणजे आपले सहा-सात हंडे. पाण्याच्या एका लिटरला एक किलो वजन, म्हणजे टाकी भरली की शंभर किलो वाढले. म्हणून आधी अंगणासारखी सपाट जागा हेरावयाची आणि तिच्या अलीकडच्या शेवटच्या नळावर टाकी भरावयाची. बहिणीला याची धास्ती असे. मला नव्हती. आमच्या माहेरी अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून पाणी येई. सात माणसांचे घर मी दहा वर्षांची असल्यापासून हंड्यांवर मोजले आहे. दुसऱ्याच दिवशी पाण्याचा कारभार माझ्याकडे आला. चार माणसांना रोज पंचवीस लिटर: पिणे व स्वयंपाक दहा, भांडी सात, हातपाय-तोंड पाच, संडास तीन. अंघोळ आणि धुणे दर चौथ्या दिवशी भाड्याच्या तळावर. माझा भाचा सोळा वर्षांचा. तो तोंड धुताना नळ सोडून उभा राही. मी त्याला बोलले नाही. एक तांब्या भरून त्याच्या हाती दिला आणि म्हटले, “यात कर.” दोन दिवसांत त्याचे त्यालाच कौतुक वाटू लागले.

दुसरी वीज. पॅनेलावर ऊन पडले की बॅटरी भरते, गाडी चालू असतानाही थोडी भरते. दिवे आणि पाणी चढविणारा लहान पंप यांना फार वीज लागत नाही. वीज खातात त्या तापणाऱ्या वस्तू: इस्त्री, विजेची किटली, शेगडी. त्या आम्ही घेतल्याच नव्हत्या. शीतकपाट असे असते की ते गॅसवरही चालते. ऊबही गॅसची, मात्र ती खोलीत फिरविणारा पंखा बॅटरीवर.

तिसरा गॅस. तिकडे थंडीसाठी प्रोपेन वापरतात, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरातून नीट बाहेर येत नाही. गॅस हवेहून जड, म्हणून सिलिंडरच्या पेटीला तळाशी भोक असते. गळलाच तर खाली निघून जातो. छपराजवळ एक झरोका असा असतो की तो बंदच करता येत नाही. ऊब राहावी म्हणून बोळा कोंबून तो बुजवू नये आणि स्वयंपाकाच्या शेगडीने खोली तापवू नये. कोंडलेल्या खोलीत विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि माणसे झोपेत जातात. हे मी तुम्हांलाही सांगते. थंडीत दारे लावून शेगडी वा कोळशाची घमेली जवळ घेऊन निजणारी माणसे आपल्याकडेही आहेत.

ट्रॉन्डहाइमपासून पुढे दोन दिवसांनी आम्ही उत्तर ध्रुववृत्त ओलांडले. तेथून पुढे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. बोडो गावी गाडी व घर दोन्ही बोटीवर चढविली. बोटीवर चढण्यापूर्वी गॅसची चावी बंद करावी लागते. साडेतीन-चार तासांनी लोफोतेन बेटांवर उतरलो. समुद्रातून सरळ उभे डोंगर आणि त्यांच्या पायाशी तांबडी घरे. तेथील एका गावाचे नाव एकाच अक्षराचे आहे, आणि ते ‘ओ’ असे उच्चारतात. किनाऱ्यावर लाकडी मांडव होते. कॉड नावाचा मासा फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यांवर टांगून ठेवतात. मीठ लावीत नाहीत. थंड वाऱ्यावरच तो वाळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. वसई-उत्तनकडे बोंबील वाळत घातलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो वास ओळखीचा वाटेल. बहिणीने नाक धरले, मला मात्र घरी आल्यासारखे वाटले.

तेथेच आमची परीक्षा झाली. एका शेतकऱ्याच्या जागेत, भाडे देऊन, दोन दिवसांसाठी राहिलो होतो. वीज वा नळ तेथे नव्हता. तिसऱ्या दिवशी निघावयाचे, तर वादळ सुरू झाले. एवढ्या वाऱ्यात घर ओढणे म्हणजे ते उलटविणेच. किती दिवस थांबावे लागेल ते सांगता येत नव्हते. टाकीत साठ लिटर पाणी उरले होते. आकाश असे दाटले की पॅनेलांना काही मिळेना. बाहेर पाच-सहा अंश. बॅटरीचा आकडा पहिल्या दिवशी साठावर होता, दुसऱ्या दिवशी अडतीसवर आला. तो वीसच्या खाली गेला तर ऊब फिरविणारा पंखा बंद करावा लागला असता. मेहुणे बोलत नव्हते, पण दर तासाला आकडा पाहून येत.

मी साठ लिटरचे चार दिवस केले. दिवसाला पंधरा: पिणे-स्वयंपाक आठ, भांडी तीन, तोंड-हात दोन, संडास दोन. एका भांड्यात खिचडी, दुसऱ्या वेळी पिठले-भात. ताटे आधी कागदाने पुसावयाची, मग तांदळाच्या धुवणाने विसळावयाची, आणि शेवटी वाटीभर स्वच्छ पाणी फिरवावयाचे. नंतर माझ्या ध्यानात आले की बाहेर पाऊस पडतो आहे आणि आपण पाण्यासाठी अडून बसलो आहोत. छपराच्या कडेला बारीक पन्हळ असते. तिच्या टोकाशी बादली बांधली. पागोळ्यांचे ते पाणी पिण्यास घेतले नाही, पण भांड्यांना व संडासाला पुरून उरले. वीज वाचावी म्हणून पंप बंद केला आणि टाकीतले पाणी मगाने काढले. दिवे तर त्या मुलखात जूनमध्ये लागतच नाहीत. पंखा रात्री दोन तास. बाकी गोधड्या होत्या. जड म्हणून ज्या मागे राहणार होत्या, त्याच मेहुण्यांनी अंगावर घेतल्या.

तिसऱ्या दिवशी आकडा एकवीसवर आला. त्याच रात्री वारा पडला. अकराच्या सुमारास भाचा ओरडला, “मावशी, ऊन!” रात्री अकरा वाजता समुद्राच्या वर ऊन पडले होते. ऊन तिरपे, पॅनेले आडवी, म्हणून फार मिळाले नाही, पण आकडा बावीस झाला, तेवीस झाला. आम्ही चौघे त्या आकड्यापुढे आरतीला उभे राहिल्यासारखे उभे होतो. सकाळी निघालो तेव्हा टाकीत अजून बावीस लिटर पाणी होते.

आता चौथी गोष्ट सांगावयाची राहिली, आणि माझे मागणे तिच्याशी निगडित आहे. ती म्हणजे संडास.

त्या घरात संडासाखाली एक पेटी असते, सुमारे वीस लिटरची. ती बाहेरच्या बाजूने एका लहान दारातून ओढून काढता येते. तिला मूठ व चाके असतात. ती रानात वा पाण्यात रिती करणे गुन्हा आहे. महामार्गावर व तळांवर ठिकठिकाणी तिच्यासाठी नेमलेली जागा असते, तेथे नेऊन ती रिती करावयाची, धुवावयाची आणि औषध घालून परत बसवावयाची. हे काम करणारा नोकर तेथे नसतो. ज्याचे बिऱ्हाड त्याने करावयाचे. मी पाहिले, उत्तम कपड्यांतील वृद्ध गृहस्थ, तरुण बाया, सारे आपापली पेटी ओढीत रांगेत उभे असत आणि एकमेकांशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत.

आमच्याकडे हे काम मेहुणे करीत. लोफोतेन सोडून आम्ही नार्विकमार्गे पुन्हा स्वीडनमध्ये आलो, त्या वाटेवर त्यांची पाठ धरली. मी पेटी काढावयास उठले. बहीण म्हणाली, “ताई, तू नको. तू पाहुणी आहेस.” मी म्हटले, “पाहुणी आहेच, पण त्या पेटीत माझेही आहे.”

पेटी ओढीत नेताना मला आमच्या लहानपणची आळी आठवली. घरांच्या पाठीमागून एक अरुंद बोळ होता. टोपल्यांचे संडास त्या बोळात उघडत. सकाळी एक बाई येई, हाती पत्र्याचा तुकडा व झाडू, डोक्यावर पाटी. पावसाळ्यात ती पाटी गळे. तिला पाणी द्यावयाचे ते वरून ओंजळीत ओतावयाचे. आळीत तीसेक घरे होती, आणि तिचे नाव एकाही घराला ठाऊक नव्हते. मी हातातली पेटी पाहिली. तिला झाकण होते, चाके होती, मूठ होती, आणि त्यात आमच्या चौघांचेच होते. त्या बाईच्या डोक्यावर तीस घरांचे असे. काम फार तर पाच मिनिटांचे. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि कणीक मळावयास घेतली. विटाळ काही झाला नाही.

ही प्रथा बंद करावयाचा कायदा आपल्या देशात १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. तरी गटारात उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या अजून वर्तमानपत्रांत येतात. आपल्या महाराष्ट्राला ही शिकवण परदेशातून आणावयाची गरजही नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रम आहे. तेथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतःच्या हातांनी मैला साफ केला, त्याचे खत केले आणि कोणाला डोक्यावर वाहावे लागू नये असे स्वस्त संडास बांधून दाखविले. एवढे शिकलेले गृहस्थ हे काम करीत, आणि आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो.

परतीची वाट सांगून संपविते. स्वीडनच्या उत्तरेला किरुना नावाचे गाव आहे. खाली लोखंडाची खाण, तिच्यामुळे जमीन खचू लागली, म्हणून गावाचा मोठा भाग उचलून दुसरीकडे नेत आहेत. आम्ही तेथून गेलो तेव्हा तेथील लाकडी देऊळ जुन्या जागीच होते. १९१२ साली बांधलेले ते देऊळ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अख्खेच्या अख्खे चाकांवर घालून पाच किलोमीटर दूर नेले. पुढे दक्षिणेला येताना रस्त्यात रेनडिअरांचे कळप आडवे येत. ती हरणासारखी जनावरे रानात मोकळी फिरतात, पण बेवारशी नसतात. प्रत्येकाच्या कानावर मालकाची खूण असते. ती पाळणारे सामी लोक ऋतूप्रमाणे कळपांमागे डोंगरातून रानात व रानातून डोंगरात जात आले आहेत. आता त्यांचीही पक्की घरे आहेत.

ते पाहून मला आपले धनगर आठवले. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन ते घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या आधी माघारी जातात. सगळे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर: भांडी, घोंगड्या, कोंबड्या, वर लहान मूल. त्यांच्या बायका रोज नव्या जागी चूल मांडतात, रोज पाणी शोधतात आणि रोज त्याचा हिशेब करतात. आमच्या घरावर पॅनेले होती आणि आम्ही हौसेने हिंडत होतो. त्या पोटासाठी हिंडतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे तसेच. चार-पाच महिने पालात राहावयाचे, पाणी लांब आणि संडास नाहीच. तार नाही, नळ नाही असे जगण्याची विद्या त्यांच्याइतकी कोणाला येत असेल असे मला वाटत नाही.

तीन आठवड्यांत आमचे जवळजवळ चार हजार किलोमीटर झाले. मेहुण्यांनी शेवटी वही काढून सांगितले की, त्यांच्या मागल्या सहलीपेक्षा या वेळी पाणी निम्मे लागले. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो मी लपवीत नाही. शाळेत न शिकलेले, आईच्या हाताखाली शिकलेले एवढे एक शास्त्र मला येते, आणि येथे बसलेल्या तुम्हा सर्वांना येते. नळ आल्यापासून आपणच त्याला कमी लेखू लागलो. आपल्या आळीत उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येते, तेव्हा आपण टँकरसाठी भांडतो, आणि ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी शिळे म्हणून कालचे ओतून देतो. पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. झाकून ठेवलेले पाणी ओतण्यापूर्वी आपल्या घरातल्या मुलांच्या हाती एकदा तांब्या द्या.

आता मागणे. आपल्या मंडळाच्या सभागृहाला दोन संडास आहेत. आठवड्यातून दोनदा एक बाई येऊन ते धुते. महिन्याच्या शेवटी आपण तिला पैसे देतो, आणि हिशेबाच्या वहीत ‘सफाईवाली’ असे लिहितो. मी कालच वही चाळली. त्यात तिचे नाव कोठेही नाही. माझी पहिली सूचना अशी की, पुढच्या महिन्यापासून वहीत तिचे नाव लिहावे आणि पुढच्या हळदीकुंकवाला तिला आपल्यापैकी एक म्हणून बोलवावे. दुसरी सूचना अशी की, तिचे काम व पैसे तसेच ठेवून, आठवड्यातला आणखी एक दिवस आपण सभासदांनी पाळीपाळीने ते संडास धुवावेत. आपण चाळीसजणी आहोत, दोघी-दोघींनी केले तर एकीची पाळी वर्षातून दोन-तीन वेळा येईल. पहिली पाळी माझी. सोबत कोण येते ते सभा संपल्यावर सांगा. कोणी न आल्या तरी मी एकटी करीन, पण दुसरे नाव मिळाले तर मला आनंद होईल.